मोकळं बोलायची खोली

“त्या खोलीत रडायचं नाही,” शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी तिला बजावलं होतं. “जिन्यात रड, बाथरूममध्ये रड. तिथे नको.”

तिने ते हसण्यावारी नेलं. काकूंना सगळ्यातच काहीतरी काळंबेरं दिसायचं. चहाच्या मशीनवरसुद्धा त्यांचा विश्वास नव्हता.

बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर परतली होती. काम तक्रारींचं. कानाला हेडफोन लावून दिवसभर बंद पडलेल्या फ्रिजांचा आणि गळक्या वॉशिंग मशीनचा संताप ऐकायचा. सगळ्यांत भडकलेलं गिऱ्हाईक तिच्याकडे वळवायचे. आईबहिणीवरून सुरुवात केलेला माणूस शेवटी तिला आशीर्वाद देऊन फोन ठेवायचा. विभागाच्या मॅडम म्हणायच्या, असा आवाज शिकवून येत नाही.

पण हे रजेआधीचं. आता समोरचा तावातावाने बोलत असताना तिची नजर मोबाइलकडे जायची. पाळणाघर बंद व्हायच्या आत ती पर्स उचलून पळत सुटायची. संध्याकाळची पाळी तिने साफ नाकारली होती. लोक घरी येतात, बिघाड बघतात आणि खरे पेटतात ते त्याच वेळी. त्या पाळीत तिच्या जागी बसवलेला मुलगा गिऱ्हाइकांशीच भांडत होता.

मॅडम तरी रागावल्या नाहीत. माणसाची वृत्ती, त्याची प्रेरणा, त्याच्या भावना यांचं मोठं प्रशिक्षण त्या घेऊन आल्या होत्या. परतल्या परतल्या त्यांनी अडगळीची खोली रिकामी करून घेतली. दोन बुटक्या खुर्च्या, मऊ उजेड, टिश्यूचा डबा. दुपारी एकेकाने तिथे जाऊन मन मोकळं करायचं. काकू त्या खोलीला न्हाणीघर म्हणायच्या. आत गेलेला माणूस ओला होऊनच बाहेर येतो म्हणून.

“कामात मन का नाही, असं मी कुणाला विचारत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मन कुठे आहे, ते विचारते.”

“ठकीपाशी,” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मग सगळंच बाहेर आलं. सहा महिन्यांच्या ठकीला घेऊन ती नवऱ्याच्या घरातून निघाली होती. त्याने ठकीच्या ताब्यासाठी दावा लावला होता. वकीलबाई म्हणत होत्या, एवढं लहान लेकरू आईकडेच राहतं, फक्त तुझ्याविरुद्ध कुणी काही बोलायला नको.

“आणि तुला भीती कशाची वाटते?” मॅडमनी हळूच विचारलं. “नाव दे त्या भीतीला. नाव दिलं की ती लहान होते.”

तिने बराच वेळ टिश्यूच्या घड्या घातल्या.

“माझीच,” ती म्हणाली. “एकदा ठकी रडायची थांबेचना. तिला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. वाटलं, परत आत जाऊच नये. कधीच.”

“मग?”

“मग गेले. उचलून घेतलं तिला.”

“गेलीस ना? झालं तर मग.”

असं म्हणणारं दुसरं कुणी तिच्या आयुष्यात नव्हतं. सख्ख्या आईनेही “आम्ही नाही का मुलं वाढवली” एवढंच ऐकवलं होतं. त्यानंतर ती रोज दुपारची वाट बघू लागली. कुठल्या दिवशी ठकीच्या अंगावर ओरडली, कधी सगळं सोडून पळून जावंसं वाटलं, सगळं सांगायची. हलकी होऊन टेबलावर यायची आणि चार चिडलेल्यांना सहज शांत करायची.

कोर्टात तिच्या बाजूने साक्ष द्यायला मॅडम स्वतःहूनच तयार झाल्या.

“मॅडम? साक्षीला?” काकूंनी हेडफोन काढला. “त्यांना काय मिळणार त्यातून?”

“माणसं सगळं काही मिळवायलाच करतात का, काकू?”

“ऑफिसात? हो.”

“तुम्ही पण ना.”

“मी काय, मी म्हातारी. पण तू जरा आवरून सांगत जा.”

सुनावणीच्या दिवशी मॅडम तिच्याआधी येऊन बसल्या होत्या. साक्ष सुरेख झाली. मेहनती, मनमिळाऊ, लेकीसाठी जीव टाकणारी. वकीलबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली. पलीकडे, सासूने घटकाभर मागून घेतलेली ठकी तिच्या मांडीवर स्वतःचा मोजा चोखत होती.

मग नवऱ्याचा वकील उठला. त्याच्या हातात कागद नव्हता.

“या बाई मुलीला घरात एकटं टाकून बाहेर जाऊन बसल्या होत्या, असं त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं?”

मॅडमनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा ते भरलेले होते.

“हो.”

“परत आत जाऊच नये असं वाटलं, असंही?”

“हो. पण ती आजारी आहे हो. तिला मदतीची गरज आहे.”

वकील लगेच खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

तूर्त मुलगी वडिलांकडे राहील, आईने रविवारी भेटावं, असं ठरलं. सासूने ठकीला खांद्यावर टाकलं आणि चालू लागली. गर्दीत शिरेपर्यंत ठकी मागे बघत होती, हसत होती, तिला वाटत होतं हा खेळच आहे.

ती व्हरांड्यातल्या बाकावर कोसळली. मॅडम शेजारी बसल्या, तिचं डोकं खांद्यावर घेतलं, केसांवरून हात फिरवत राहिल्या.

“शपथेवर खोटं कसं बोलणार गं? रड, मनसोक्त रड. दोन दिवस घरी राहा हवं तर.”

तिने मान हलवली. 

“नाही मॅडम. उद्याच येते. घरात बसवणार नाही मला.”

“मला माहीत होतं,” मॅडम तिचे डोळे पुसत म्हणाल्या. “म्हणून तर संध्याकाळच्या पाळीला आता तूच बसणार, असं मी वर गेल्याच आठवड्यात सांगून ठेवलंय.”