नवऱ्याचं नाव

किन्हीराजाहून बैलगाडीत घालून आणलेला रोगी तापानं बेशुद्ध होता. नर्स ललिताबाईंनी उकळलेल्या सुईत औषध भरलं आणि चिठ्ठीवरचं नाव वाचून त्याच्या बायकोला विचारलं, "हेमसिंगच ना हे?"

तिनं पदर पुढे ओढून मान खाली घातली.

"हो म्हनते ना ते! टोचा लवकर," कंपाउंडर खेकसला.

ललिताबाईंचा हात थबकला. "तोंडानं नाव सांग, पोरी. दुसऱ्याची सुई यायले टोचली त जीव जाईन."

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. पदर तोंडाशी धरून ती पुटपुटली,

"धनसिंग."

ललिताबाईंनी सुई खाली ठेवली. हायसं वाटायच्या आतच त्यांची नजर पलीकडच्या खाटेवर गेली. सकाळी सुई देताना नाव विचारल्यावर तिथल्या रोग्याच्या बायकोनंही नुसती मान खाली घातली होती.