फ्लेक्सवरचा स्फटिक

थेंबातल्या स्फटिकाचे कोपरे फारच टोकदार होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडा काच कापल्यासारख्या दिसत. चंदनाला नेमकं तेच खटकत होतं. जिवाणूच्या पेशीतून वेगळं काढलेलं प्रथिन एवढ्या रुबाबात उभं राहत नाही. त्याचा स्फटिक निम्मा पाणीच असतो. सुई टेकली की भुगा होतो. मिठाचा असला तर कट् करून तुटतो.

शेजारी तिनं प्रथिन न घातलेलाही एक थेंब लावला होता. त्यातही हुबेहूब असाच स्फटिक आला. तिनं तो लालासाहेब सरांना, आपल्या गाइडना, दाखवला.

"मग तो थेंब टाकून दे की," सर म्हणाले.

आता सांगलीतल्या त्यांच्या कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स झळकत होता. त्यावर स्फटिक लिंबाएवढा, सरांचा चेहरा कलिंगडाएवढा. शोधनिबंध उद्या छापायला जायचा होता आणि त्यावर सरांच्या खालोखाल चंदनाचं नाव होतं. गाइड सोडायचा म्हणजे पीएचडी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तो विचार ती कधीपासून गिळत आली होती.

सरांच्या सत्काराला फलटणकडच्या साखर कारखान्याचे चेअरमन भाऊसो आले होते. फेटा सांभाळत ते सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"आयला! डॉक्टर, आमच्या रस आटवायच्या पॅनला ह्यापरीस मोठा दाणा पडतोय की!"

सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्यानं.

"आवं भाऊसो, ह्यो साखरेचा न्हवं, प्रोटीनचा हाय," सर लाडात आले. एरवी प्रयोगशाळेत ते असं बोलणाऱ्या पोरांची टिंगल करत. "लय तपश्चर्या हाय ह्याच्यामागं. ही आमची चंदना. सांग गं सायबांस्नी."

चंदनानं सुई उचलली. "आधी बघा," ती म्हणाली आणि थेंबात टोक टेकवलं.

बारीकसा कट् झाला. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या भिंतीवरच्या पडद्यावर दोन स्वच्छ तुकडे दिसले.

"मीठ आहे," चंदना म्हणाली.

"मोडला व्हय?" भाऊसोंनी विचारलं.

"पोरीचा हात हालला! दुसरे हायत की, लय हायत!" सर हसत म्हणाले. मग खांद्यावरची सत्काराची शाल सावरत तिच्या कानाशी आले. "गप्प राहा. तुझी पीएचडी माझ्या सहीवर आहे."

चंदनानं त्यांच्याकडं पाहिलं. एवढ्याशा माणसाला आपण इतके दिवस भ्यालो, याचीच तिला लाज वाटली. तिनं सुई पुसून ठेवली.

"सर, निबंधावरचं माझं नाव काढा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या प्रबंधावरचं तुमचं मी काढते."