पाणी ओसरेपर्यंत

पावसाळ्याचे चार महिने पुरानं गावाचं बेट व्हायचं, म्हणून देवराव गुरुजींनी गावाला मुद्दाम एका बेटाचीच कादंबरी वाचून दाखवायला घेतली. बेटावरचे लोक मासे धरत, लग्नं लावत, भांडत. म्हाताऱ्या ठमाबाईला एकच काळजी होती.

"मीठ भरून ठेवलं ना त्याईनं?"

दिवाळी जवळ आली तेव्हा कुठे कादंबरीत युद्ध पेटलं आणि बेटावर सैनिक उतरले.

"पाणी ओसरलं वाटते," ठमाबाई म्हणाली.

"बाई, तो समुद्र आहे. दिवाळीला ओसरत नाही."

"मंग आले कसे? आपल्या इथी तं दोन्हीकडले बंदूकवाले, पोलीसबी अन् जंगलातलेबी, पाणी ओसरल्यावरच येतात."

गुरुजी जहाज समजावू लागले, तोवर ती नदी पाहून आली.

"गुडघाभर राह्यलं. कोंबड्या लपवा, गुरुजी. पुस्तकबी."