मोठ्या मंगळवारची देग

राजाराम लाकडी वल्ह्याने चुलीवरची भलीमोठी देग ढवळत होता. आत छावणीच्या मेसचं उष्टं रटरटत होतं. कालचा पुलाव, बटाटे, पुऱ्यांचे तुकडे. सगळं डुकरांसाठी. पलीकडच्या वस्तीत तापाने डुकरं मेली, तेव्हापासून नियम झाला होता : तासभर उकळल्याशिवाय उष्टं डुकरांपुढे टाकायचं नाही. आज जनावरांच्या डॉक्टरीणबाई बघायला येणार होत्या. त्यांच्या मनाला पटलं नाही, तर उद्यापासून मेसचं फाटक बंद. मग डुकरांना काय घालायचं?

त्याने घाम पुसून वर पाहिलं. देगेसमोर रांग लागली होती.

जेठ महिन्यातला, मारुतीचा मोठा मंगळवार. या दिवशी लखनौत रस्तोरस्ती प्रसाद शिजतो, आणि देग दिसली की माणूस न विचारता रांगेत उभा राहतो.

"आज क्या है, भैया? तहरी?" सगळ्यांत पुढच्या छत्रीवाल्या म्हाताऱ्याने मसालेभाताच्या आशेने विचारलं.

राजारामने वल्हं आणखी जोरात फिरवलं. एरवी हीच माणसं त्याच्या दारावरून नाकाला रुमाल लावून जात. आज द्रोण पुढे करून उभी होती.

"अभी नहीं," तो कसाबसा म्हणाला. "पूरा घंटा उबालना है."

"वाह! मन लगाकर बना रहे हो."

रांग वाढतच गेली. तेवढ्यात लूना येऊन थांबली. डॉक्टर कांचन पेठे उतरल्या आणि जागीच थबकल्या.

"अगं बाई!" त्या मराठीतच ओरडल्या. मग हिंदीत, "राजाराम! जूठन लोगों को खिला रहे हो?"

"एक दाना नहीं दिया, साहिबा!" राजारामने वल्हं छातीशी धरलं. "सूअरों का है! मुझसे बोला ही नहीं गया."

रांगेतले द्रोण हळूहळू खाली आले. राजारामने मान खाली घातली.

आणि म्हातारा हसायला लागला. हसता हसता छत्रीवर रेलला.

"यानी मैं सूअरों की दावत में खड़ा हूँ? वो भी सबसे आगे!"

अख्खी गल्ली हसली. डॉक्टरीणबाई देगेत डोकावल्या, वल्हं घेऊन तळापर्यंत ढवळून पाहिलं.

"पक्कं उकळलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मोठ्याने, "फाटक खुला रहेगा. पर रोज़ ऐसे ही, समझे?"

"सुन लो भाई," म्हातारा मागे वळून म्हणाला, "यहाँ तो रोज़ देग चढ़ेगी."

लोक हसत पांगू लागले. तेव्हा राजारामची बायको सरोज दारातून पुढे आली. कमरेवर माठ.

"खाली हाथ मत जाइए, बाबूजी. आज मंगल है."

गुळाचं सरबत होतं. दर मोठ्या मंगळवारी ती हा माठ भरून दाराशी ठेवायची. कुणी थांबायचं नाही; संध्याकाळी घरचेच ते पिऊन संपवायचे.

म्हाताऱ्याने माठाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. त्याच्या मागे एकेक जण येऊ लागला. सरोजने सवयीने, अंतर राखून, ओंजळीत ओतायला लोटा उंच धरला.

"गिलास नहीं है क्या, बहू?"

ती धावत आत गेली आणि पितळी पेला घेऊन आली. घरात तो एकच होता. म्हाताऱ्याच्या हातून निघून तो रांगेच्या टोकापर्यंत गेला. टोकाला, हातात हेल्मेट घेऊन, डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.