बिघाड कंट्रोलरचा

"ताई, हा मेला परत मेला," धाकटी आतल्या खोलीतून म्हणाली, आणि ताईने हातातला शर्ट अर्धवट घडीसकट बॅगेवर टाकला. दुपारी तिची गाडी होती. बॅग अजून भरायची होती, पण आधी टीव्हीवरच्या खेळाचा कंट्रोलर.

तसा तो दिसायला धडधाकट होता. दिवा लागायचा, टीव्हीशी जोडला जायचा, खेळ सुरू व्हायचा आणि थोड्या वेळाने हे महाशय गुपचूप मान टाकायचे. ताईने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. नवे सेल घातले. सेलखालची स्प्रिंग ओढून ताठ केली, पत्र्यावरचा गंज खोडरबराने घासून काढला. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून त्याला जुनं सगळं विसरायला लावलं आणि टीव्हीशी नव्याने ओळख करून दिली. ताई लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायची. भल्याभल्या अडलेल्या लिफ्ट तिच्यापुढे निमूट चालू व्हायच्या, आणि हे वीतभर खेळणं तिला दाद देत नव्हतं.

खरं सांगायचं तर त्याच्याशी झटापट करायला तिला आवडतही होतं. धाकटीचा हात तिला दुरुस्त करता येत नव्हता, निदान हे तरी.

अपघात झाला तेव्हा स्कूटर ताई चालवत होती. वळणावर वाळू होती आणि तिला ती दिसली नाही. धाकटीच्या उजव्या हाताची नस दुखावली, ताईला साधं खरचटलंही नाही. ते न खरचटणंच तिला आतून खात होतं. तिला कोणी बोललं नाही. आई बोलली नाही, धाकटी तर मुळीच नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी हा बेडकाच्या उड्यांचा खेळ सुचवला होता. डाव्या हाताने कंट्रोलर नुसता धरायचा, बटण उजव्या अंगठ्यानेच दाबायचं. मी खेळताना कोणी आत यायचं नाही, अशी धाकटीची अट होती, म्हणून ताई बाहेर बसून कानोसा घ्यायची. अंगठा आता छान दाबतोय, धाकटी रोज सांगायची, या यंत्राने साथ दिली तर मी कुठच्या कुठे पोचेन. हात बरा झाल्याशिवाय ताई घर सोडून जाणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटीच्या त्या रोजच्या सांगण्यावर विसंबूनच तिने समुद्राकाठच्या पवनचक्क्यांवरची नोकरी, इतके दिवस पुढे ढकललेली, एकदाची पत्करली होती.

ताईने कंट्रोलर बाहेर आणला. तिची तपासायची रीत ठरलेली होती. एकेक बटण दाबून बघायचं, सगळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. असं तपासताना तो कधीच बंद पडायचा नाही. आजही पडला नाही. शेवटी वैतागून तिने तो बॅगेशेजारी ठेवला आणि कपडे भरायला घेतले. टॉवेल झाला, मोजे झाले, जाड जाकीट कोंबून झालं. चेन ओढताना तिचं लक्ष गेलं. दिवा विझला होता.

तिने तो पुन्हा लावला. या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. थोड्या वेळाने दिवा आपला आपण विझला. मग तिने तो परत लावला आणि एकच बटण मधूनमधून दाबत राहिली. दिवा जळत राहिला.

यंत्राला काहीच झालं नव्हतं. कोणी खेळत नाही असं दिसलं की सेल वाचवायला ते आपोआप बंद होत होतं. म्हणजे आत इतके दिवस बटण दाबलंच गेलं नव्हतं. ती कान देऊन ऐकत होती ते नुसतं खेळाचं संगीत होतं.

ती अट मोडून आत गेली. धाकटी पलंगावर बसली होती, आणि पडद्यावरचा बेडूक पहिल्याच दगडावर उभा होता. ताईने कंट्रोलर तिच्या हातात दिला आणि बटण दाब म्हणाली. धाकटीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय ते समजून गेली. तरी तिने अंगठा बटणावर ठेवला, ओठ आवळले, मानेची शीर ताठ झाली. अंगठा बटणावर नुसता पडून राहिला. बेडूक जागचा हलला नाही.

ताईने फोन काढला. मी जात नाही, आत्ता फोन करून कळवते, ती म्हणाली. सगळं माझ्यामुळे झालंय, आणि वर मीच खुशाल बॅग भरत बसलेय. तिला रडू आवरेना. धाकटीने डाव्या हाताने तिच्या हातातला फोन काढून घेतला.

"याला काही झालेलं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं," ती म्हणाली. "पण हा बिघडलाय म्हटलं की तू याच्याकडे बघायचीस, माझ्या हाताकडे नाही. तेवढाच वेळ मला मोकळं वाटायचं."

"आणि मी गेले तर तुझ्या हाताचं काय?"

"होईल त्याच्या वेळाने. तू जा, ताई. तू समोर असलीस की मला बरं व्हायची घाई करावी लागते."