पलीकडचं चाक

जुनी स्पोर्ट्स कार लिफ्टवर चढवलेली होती. मागच्या दोन चाकांना जोडणारा डिफरन्शियल खोलून टेबलावर मांडला होता आणि ताई त्यात नव्या क्लच प्लेटा बसवत होती. उद्या दाजी हीच गाडी घाटातल्या शर्यतीत पळवणार, म्हणून या कामाला ती कुणाला हात लावू देत नव्हती.

धाकट्या भावाने बेअरिंगचा आवाज ऐकायला डावं चाक फिरवलं. गाडीच्या पोटाखालून पाहतो तर उजवंही फिरत होतं.

"ताई, डिफरन्शियल काढल्यावर पलीकडचं चाक फिरेल का गं?"

"डोकं फिरलंय का तुझं? मधे आहेच काय फिरवायला?"

त्याने चाक थांबवलं. उजवंही थांबलं.

पुन्हा फिरवायला गेला, तर आता ते हलेचना. दोन्ही हातांनी जोर लावला, घाम फुटला, पण चाक ढिम्म.

असं जड चाक त्याच्या ओळखीचं होतं. काम झालं की बहीण-भाऊ डिफरन्शियल असाच तपासायचे. ताई पलीकडचं चाक घट्ट धरायची, टायरवर एक थाप मारायची, आणि मग तो अलीकडचं फिरवायचा.

त्याने मान वळवली. ताई टेबलापाशीच होती, कामात गढलेली.

पलीकडून टायरवर थाप पडली.

"हं, फिरव," ताई वर न बघता सवयीने म्हणाली.

आणि मग तिचे हात थांबले.