दमलेय

आयर्लंडमधल्या नवव्या दिवशी वृंदाताई समुद्रकाठच्या पडक्या मठाच्या पायरीवर बसल्या, त्या उठेचनात. एकटीनं येण्याचा हट्ट त्यांचाच होता, म्हणून लेकीला रोज फोनवर "मजेत आहे" सांगणं भाग होतं.

गावात त्या ज्यांच्याकडे उतरल्या होत्या, त्या आजीबाई नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवून आल्या आणि शेजारी टेकल्या.

"दमलात?" त्यांनी विचारलं.

"छे! मी कुठली दमतेय!"

"मी मात्र दमले बाई. ही टेकडी दरवर्षी उंच होते."

वृंदाताई हसल्या आणि हसताहसता त्यांना रडूच आलं. नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मग नवऱ्याचं. चाळीस वर्षांत हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता.

"मीसुद्धा दमलेय," त्या म्हणाल्या.

खालच्या रस्त्यावर पुढच्या किल्ल्याकडे जाणारी बस आली. त्यांनी ती जाऊ दिली.